वर राहिलेला हात

सर, तुमचा हात अजून वरच आहे.

असं एकदम सुरू करणं बरोबर आहे का, मला माहीत नाही. आमच्या घरात लिहिणारं कुणी नव्हतं. गेलेल्या माणसाशी लिहून कसं बोलतात, आधी काय म्हणतात आणि नंतर काय, हे कुणाला विचारावं तेही कळत नाही. विहारातल्या तुमच्या कार्यक्रमात सगळे चांगलं बोलले. छावणीच्या गल्लीत अनवाणी खेळणारा मुलगा मुंबईच्या व्यावसायिक फुटबॉल संघाचा स्टॉपर, म्हणजे शेवटच्या फळीतला बचावपटू, कसा झाला, परत आल्यावर मोठ्या नोकरीच्या मागं न लागता त्यानं पोरींना कसं शिकवलं, हे सगळं झालं. मलाही माइक दिला होता. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत जाऊन बसले. आपल्या टीममधली रुक्सार कानात म्हणाली, "क्या कन्नड, इंजिन बंद?"  मला जे सांगायचं होतं ते त्या माणसांना सांगण्यासारखं नव्हतं. ते तुम्हालाच सांगायचं होतं.

दवाखान्यातल्या त्या दुपारपासून सांगते.

काकू स्टुलावर बसून मोसंबी सोलत होत्या. तुमच्या नाकात नळी होती, उजव्या हाताला सलाईन. फुफ्फुसात पाणी झालं होतं म्हणून तुम्ही उशांना टेकून बसल्यासारखे झोपला होता. सगळ्या ग्राउंडवर ऐकू जाणारा तुमचा आवाज कॉटच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जेमतेम पोचत होता.

"कन्नड, बस."

माझं नाव तुम्ही कधी घेतलं नाही. पहिल्या दिवशी कुठली विचारलंत, मी कन्नड गावची म्हणाले, तेच नाव झालं. आता ग्राउंडवर माझं खरं नाव कुणाला विचारलं तर दोन पोरी तरी चुकतील.

"पोरी येतात का सकाळी?"

"येतात सर."

"कोण घेतं?"

"कुणी नाही. आपापल्या पळतात. रुक्सार ओरडते."

"ती ओरडणारच. गोलकीपर हाय." तुम्ही हसायला गेलात आणि खोकला आला. तो थांबेपर्यंत काकूंनी तुमच्या पाठीवर हात ठेवला. मग तुम्ही म्हणालात, "पोरींना तू बघशील?"

मी म्हणाले, "तुम्ही आधी बरे व्हा सर."

"हे उत्तर नाय झालं, कन्नड."

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. माझे वडील, अण्णा, कन्नड ते संभाजीनगर काळी-पिवळी जीप चालवतात. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर घरी जाणार होते आणि ते प्रवासी भरून दवाखान्याच्या फाटकाशी उभे होते. मी म्हणाले, "येते सर, सोमवारी बोलू." दारात पोचून मागं बघितलं तर तुमचा हात वर होता. सलाईनचा हात. मी माझा हात हलवला. तुमचा हलला नाही. तळवा माझ्याकडं, बोटं जुळलेली, कोपर सरळ. हॉर्न परत वाजला आणि मी जिना उतरले.

सोमवारी सकाळी अण्णांच्याच जीपमधून परत येत होते. वेरूळच्या अलीकडं रुक्सारचा फोन आला. ती आधी नुसती रडली, मग म्हणाली, "सर गए रे." अण्णांनी आरशात माझ्याकडं बघितलं आणि जीप रस्त्याच्या कडेला घेतली. मागं बसलेली बाई म्हणाली, "इथं कुणी हात केलाय व्हय?" अण्णा म्हणाले, "नाय बाई. जरा थांबू."

आता हाताचं सांगते. तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला ते एकदा नीट मांडायचं आहे.

समोरच्या संघाची फॉरवर्ड पास मारला जातानाच आपल्या शेवटच्या रांगेच्या पलीकडं जाऊन उभी असेल तर ती ऑफसाईड. तसं दिसलं की मागं खेळणाऱ्याचा हात आपोआप वर जातो. लाईनवरच्या पंचाला दाखवायला, की बघा, हिला पकडा. टीव्हीवरच्या मोठमोठ्या सामन्यांतही जातो. तुमच्या ग्राउंडवर जायचा नाही. नव्या पोरीनं हात वर केला की तुम्ही लाईनीवरून ओरडायचा, "हात खाली! रेफरी तुझा मामा हाय का? झेंडा वर करायचं काम ज्याचं त्याला करू दे. तू पळ."

मी पहिल्यांदा उलट विचारलं होतं, की हात वर करून पळता येत नाही का? तुम्ही म्हणालात, पळून दाखव. मी उजवा हात सरळ वर धरून या गोलपासून त्या गोलपर्यंत पळाले. म्हणजे पळायला गेले. हात वर असला की पाय मोकळे पडत नाहीत. सगळ्या पोरी पोट धरून हसत होत्या. रुक्सार ओरडत होती, "ए, एसटी रुकवा रही क्या?" तुम्ही मात्र हसला नाहीत. म्हणालात, "बघ. माणूस हात वर करतो तवा तो थांबलेला असतो. त्याला वाटतं पळतोय."

शेंगांचंही सांगायला पाहिजे. आमच्यातल्या निम्म्या पोरी कबड्डीतून आलेल्या. कन्नडच्या शाळेत मीही कबड्डीच खेळायचे, आणि कबड्डीची सवय म्हणजे जवळ आलं की धर. माझ्या पहिल्याच सामन्यात फॉरवर्ड माझ्या बाजूनं निघाली आणि मी तिची कंबर पकडून तिला खाली बसवलं. वर तिच्या पायावर पाय टाकून पक्की पकड केली आणि पंचाकडं बघितलं, गुण द्या म्हणून. तुम्ही लाईनीवर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. मला वाटलं, फार चिडलात. जवळ आले तर हसून हसून तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "कन्नड, अगं ती बिचारी घरला जाईल का नाय आज?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या दोन्ही मुठींत एकेक वाळलेली भुईमुगाची शेंग ठेवलीत. मागं खेळणाऱ्या सगळ्यांसाठी हा नियम होताच, मला माहीत नव्हता. सराव संपेपर्यंत शेंग मुठीत ठेवायची. कुणाचा शर्ट ओढला, हात आवळला, घाबरून मूठ मिटली, की शेंग फुटते. शेवटी सगळ्यांनी मुठी उघडायच्या. जिच्या शेंगा अख्ख्या, तिला काकूंनी घरून भाजून आणलेल्या शेंगा ओंजळभर. जिच्या फुटल्या, तिनं बघत बसायचं. माझ्या पहिले कित्येक दिवस फुटत होत्या. भाजलेल्या शेंगांचा वास घेत मी बूट काढायचे. सामन्यात आम्हाला हातात काही धरता यायचं नाही, म्हणून सामन्याच्या दिवशी तुम्ही दोन शेंगा स्वतःच्या मुठींत घेऊन लाईनीवर उभे राहायचात. सामना संपला की आमच्यासमोर मुठी उघडायचात. दोन्ही अख्ख्या. आम्हाला त्याचं फार नवल वाटायचं. आम्ही आत मरमर मरतोय आणि या माणसाची शेंगसुद्धा हलत नाही.

तुम्ही मुंबई कशी सोडलीत ते एकदाच सांगितलंत. सराव झाला होता, लिंबाखाली बसून आपण बुटांची माती काढत होतो. रुक्सारला कशाचीच लाज नाही, तिनं विचारलं, "सर, आपका करियर कैसे खतम हुआ? घुटना?"

"नाय. हात."

आम्ही हसलो. मग तुम्ही सांगितलंत. मोसमातला शेवटचा सामना होता. बरोबरी राहिली असती तरी तुमचा संघ वरच्या लीगमध्ये टिकला असता. शेवटी शेवटी लांबचा पास आला. त्यांचा फॉरवर्ड तुमच्या मागं उभा होता. तुम्ही हात वर केलात आणि थांबलात. झेंडा वर गेला नाही.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. गोल."

संघ खाली गेला, पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी बोलावलं नाही. एवढंच म्हणून तुम्ही बुटाच्या खिळ्यांतली माती काडीनं काढत राहिलात. मी विचारलं, "पण सर, ऑफसाईड होता ना तो?"

"होता का नव्हता, ते लाईनवाल्याचं. थांबलो, ते माझं."

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मला ते पटायचंच नाही. तो ऑफसाईड असेल तर तुम्ही बरोबर होता, मग आयुष्यभर स्वतःला कशाला बोल लावायचा? मी एकदा म्हणाले, "म्हणजे अन्याय झाला तरी हात वर करायचा नाही का?"

"करायचा की. पळून झाल्यावर. बॉल बाहेर गेला की जा पंचाकडं, भांड त्याच्याशी. मी येतो संगं."

"आणि गोल झाला असेल तर?"

"तरी भांड. पण आधी पळ."

मी म्हणाले, हे सोपं आहे तुम्हाला बोलायला. तुम्ही म्हणालात, सोपं असतं तर मी मुंबईत असतो. 

आणि एकदा उलटंच झालं. मी वर्गात कधी काही विचारत नाही, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं. कॉलेजात माझ्या आजूबाजूला बसणाऱ्यांच्या घरी आई-बाप शिकलेले. त्यांना विचारायला शब्द असतात. मला प्रश्न पडतो आणि तो मी मनात तयार करते, तोवर सर फळा पुसून पुढं गेलेले असतात. तुम्ही मला बाजूला घेतलंत.

"वर्गात हात वर करत नाय म्हणे तू."

"नाही."

"का?"

"सगळे बघतात."

"अगं, तिथं कर की! तिथं काय कुणी बॉल घेऊन पळतंय का?"

"तुम्हीच सांगता हात वर करायचा नाही."

 तुम्ही म्हणालात, "लई शहाणी झाली. जा, दोन फेऱ्या मार." मी दोन फेऱ्या मारल्या. त्या दिवशी भांडणात मी जिंकले असं मला वाटलं होतं. आता वाटतं, जिंकून काय मिळालं? अजूनही मी वर्गात हात वर केलेला नाही.

तुम्ही गेल्यापासून मला सगळीकडं हात दिसतात, सर. वर्गात पुढच्या बाकावरचा मुलगा प्रश्न विचारायला हात वर करतो आणि मी वहीत मान घालते. चौकात वाहतूक पोलीस हात वर करून उभा असतो, रिक्षा थांबते आणि मला सलाईनची पट्टी दिसते. सगळ्यात वाईट म्हणजे अण्णांची जीप. त्यांचा धंदाच हातावर आहे. दौलताबाद सोडलं की रस्त्याच्या कडेला कुठं झाडाखाली, कुठं फाट्यावर कुणीतरी हात वर करून उभं असतं. हात दिसला की अण्णा थांबतात. जागा नसली तरी थांबतात, "सरका जरा" म्हणतात आणि घेतात. मी पुढच्या सीटवर बसून डोळे मिटते. तरी ब्रेक लागला की कळतंच, कुणीतरी हात केला.

मला ते उलगडत नाही. तो निरोपाचा हात होता का? निरोपाचा असता तर हलला असता. थांब म्हणत होता का? का वर्गातल्या पोरासारखा धरला होता, की ‘पोरींना बघशील?’ याचं उत्तर आल्याशिवाय खाली घेणार नाही? ज्या माणसानं आम्हाला कधी हात वर करू दिला नाही, त्यानं शेवटी तो का केला? काकूंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं सलाईन दुखतीय. तू गेल्यावर पण तसाच धरून होते. शेवटी मीच खाली घेतला बाई, रक्त वर चढायला लागलं नळीत." एवढं बोलून त्याच रडायला लागल्या, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

घरी अण्णांना सांगितलं. तुम्ही त्यांना एकदाच भेटला होता. ते तुम्हाला म्हणाले होते, "डिग्री झाली की पोरगी गावाकडं येणार, भरतीचा अभ्यास करणार, ह्ये खेळबिळ तंवरच." तुम्ही म्हणाला होता, "तंवर तर तंवर. द्या." मला वाटलं अण्णा म्हणतील, झालं ते झालं, आता अभ्यासाला लाग. पण ते वाकून जीपच्या टायरची हवा बघायला लागले. मग म्हणाले, "मी हॉर्न मारायला नको व्हता. गाडी माझीच व्हती. ती काय सुटणार व्हती व्हय?"

मला मुख्य सांगायचं आहे ते पुढचं. ते तुम्हाला माहीत नाही.

विहारातल्या कार्यक्रमाला मुंबईहून पीटर काका आले होते. तुमच्या संघाचे गोलकीपर. पांढरा शर्ट, पांढरे केस, पंजे अजूनही टोपलीएवढे. तुमच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून ते बाहेर पायरीवर बसले. वंदना झाली होती, लोक खिरीसाठी रांगेत उभे होते. मी पाणी घेऊन गेले आणि विचारू नये ते विचारलं. "काका, त्या सामन्यात तुम्ही होता ना? ऑफसाईड होता का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू स्टॉपर?"

"हो."

"वाटलंच. स्टॉपरच विचारणार." त्यांनी पेला खाली ठेवला. "खरं सांगू बेटा? मला नाही माहीत. मी तुझ्या सरांच्या, बाळूच्या, बरोबर मागे होतो. सगळ्यात नीट मलाच दिसायला पाहिजे होतं. पण हा हात वर करून उभा. एवढा उंच माणूस, एवढा लांब हात. मी हाताकडे बघत राहिलो. आमचे सगळे हाताकडेच बघत होते. दुसरा स्टॉपर तर त्या फॉरवर्डच्या एकदम शेजारी होता. त्याने पकडला असता. पण तोपण हाताकडे बघत होता. जाळीचा आवाज आला तेव्हा मला कळलं, बॉल माझ्या पाठी गेला."

"हे सरांना सांगितलं होतं?"

"बाळूला?"  आत खिरीच्या भांड्यांचा आवाज होत होता. "नाही. तो म्हणायचा, माझ्यामुळे संघ खाली गेला. आम्ही म्हणू दिलं."

सर, हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही एकटे थांबला नव्हता. सगळेच थांबले होते. फक्त तुमचा हात दिसत होता. पीटर काकांनी हे तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, आणि ते सांगायलाच आले होते असं मला वाटतं, पण उशिरा आले. मी ऐकलं तेव्हा मला आधी त्यांचा राग आला. मग लक्षात आलं, की इतक्या दिवसांपासून मीही तेच करत होते. हाताकडं बघत होते.

त्याच दुपारी क्लबचे एक ज्येष्ठ सगळ्यांसमोर म्हणाले, रविवारी सिडकोतल्या क्लबशी सामना ठरलेला आहे, रद्द करायचा का? पोरींना घेऊन कोण उभं राहील? कुणी काही बोललं नाही. मीही नाही. माझे हात मांडीवर होते, ते तिथंच राहिले. माणसं पांगल्यावर काकूंनी मला घरी नेलं. दाराच्या मागं चेंडूंची जाळी टांगलेली होती, ती त्यांनी काढून माझ्या खांद्यावर दिली. "घरात ठेवली की ह्यांचा भास होतो. घेऊन जा." मग शेंगांची पिशवी दिली. मग तुमचं निळं जॅकेट खुंटीवरून काढलं, त्याचा खिसा उलटा केला आणि म्हणाल्या, "ह्ये बघ. जन्मभर ह्येच."

खिशातून शेंगांचा चुरा पडला. टरफलांचे बारीक तुकडे, दाण्यांची पूड.

"दर सामन्यानंतर," काकू म्हणाल्या. "दोन्ही खिसे भरलेले. धुवायच्या आधी झटकून झटकून वैताग आला मला. एकदा मशीन बंद पडलं. मी म्हणायचे, अहो, त्या पोरींना शिकवता आन् स्वतः काय करता? तर म्हणायचे, त्यांना सांगू नको."

म्हणजे आमच्यासमोर उघडायच्या त्या अख्ख्या शेंगा पिशवीतून नव्या काढलेल्या असायच्या. तुम्ही आम्हाला फसवलंत, सर. मी काकूंच्या दारात उभी राहून हसले आणि मग मला हसू थांबवता येईना, आणि काकूंनी माझं डोकं खांद्यावर घेतलं तेव्हा कळलं की ते हसू नव्हतं.

रविवारी मी बूट घातले नाहीत. कुणीतरी बाहेर उभं राहायला पाहिजे होतं, आणि बाहेर उभं राहायचं म्हणजे माझी जागा दुसरीला द्यायची. हे मी कुणाला समजावून सांगितलं नाही. माझा शर्ट पल्लवीला दिला. पल्लवी फुलंब्रीची, तीही कबड्डीचीच, तुमच्याकडं जेमतेम एक पावसाळा झालेला. ती म्हणाली, "ताई, मी नाय खेळत, माझ्याच्यानं नाय व्हायचं." रुक्सार म्हणाली, "अरे मैं हूं ना पीछे. तू बस कंबर मत पकड किसी की." मी पिशवीतून दोन शेंगा घेतल्या, मुठीत धरल्या आणि तुम्ही उभे राहायचा तिथं उभी राहिले. तिथलं गवत झिजून माती उघडी पडली आहे. मला आजपर्यंत ते दिसलं नव्हतं. मी नेहमी आत असायचे.

मी ओरडू शकत नव्हते. तोंड उघडलं की वाटायचं, आता तुमचा आवाज येईल. पोरीही मधूनमधून लाईनीकडं बघत होत्या आणि मला बघून परत वळत होत्या. त्यांच्याही कानात तुम्हीच होता.

दुसऱ्या हाफमध्ये लांबचा पास आला. त्यांची फॉरवर्ड पल्लवीच्या मागं होती. पल्लवीनं बघितलं, हात वर केला आणि थांबली.

उन्हात तो एकच हात वर. मला पुढचं काही दिसेना. दवाखान्याचं दार, पांढरी चादर, सलाईनची पट्टी. ग्राउंडवर सगळं थांबल्यासारखं झालं, आणि खरंच थांबलं होतं, कारण आमच्या सगळ्या पोरी त्या हाताकडं बघत होत्या. मीही बघत होते. लाईनवाल्याचा झेंडा खालीच होता.

पीटर काका म्हणाले होते ते मला आठवलं असं मी म्हणणार नाही. आठवायला वेळ नव्हता. मी नुसते डोळे हातावरून ओढून काढले आणि चेंडू शोधला. तो त्यांच्या फॉरवर्डच्या पायाशी होता आणि ती एकटीच पळत होती.

"पल्लवी! हाताकडं कोण बघतंय? बॉल! बॉल! पळ!"

आवाज माझाच होता. चिरका, फाटलेला, कन्नडच्या शेतात बांधावरून हाक मारतात तसला. तुमच्यासारखा अजिबात नव्हता. पल्लवीचा हात खाली आला आणि ती पळाली. काय पळाली, सर! रुक्सार पुढं आली, तिघी एकमेकींवर आदळल्या आणि चेंडू लाईनीबाहेर गेला. लगेच पल्लवी उठून मातीनं भरलेली तशीच लाईनवाल्याकडं निघाली. "ओ दादा, ऑफसाईड व्हती ती! डोळे कुठंयत तुमचे?" मी तिच्या मागोमाग गेले. तिच्या शेजारी उभी राहिले आणि म्हणाले, "ऑफसाईड होती, सर." लाईनवाला म्हणाला, "ए बाई, तू कोण?"

मी म्हणाले, "मी यांची कोच."

नंतर लक्षात आलं, काय बोलले ते. तुम्ही दवाखान्यात विचारलं होतं त्याचं उत्तर मी त्या अनोळखी माणसाला दिलं. तुम्हाला द्यायचं होतं.

सामना आम्ही हरलो. शेवटी फ्री किकवर गोल झाला, त्यात कुणाची चूक नव्हती. कडेला अण्णांची जीप उभी होती. ती केव्हा आली मला कळलं नाही. त्यांनी हॉर्न मारला नव्हता. बोनेटला टेकून ते सामना बघत होते, आणि आत बसलेले प्रवासीही खिडकीतून बघत होते. पुढचं काय, भरतीचं काय, हे आमचं अजून बोलणं व्हायचं आहे. ते सोपं नसणार.

पोरी रिंगण करून बसल्या. काकूंनी भाजलेल्या शेंगा पाठवल्या होत्या. पल्लवी गुडघ्यात तोंड घालून रडत होती, कारण तिनं हात वर केला होता आणि तुमचा नियम तिला माहीत होता. मी तिच्यापुढं ओंजळभर शेंगा ठेवल्या आणि म्हणाले, "थांबलीस. पण परत पळालीस." एवढंच मला सुचलं. तुम्ही काही बरं बोलला असतात.

मग रुक्सार म्हणाली, "ए कन्नड, सर दिखाते थे. तू भी दिखा."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या मुठी अजून मिटलेल्याच होत्या. त्या उघडायच्या आधीच मला कळलं. तळव्याला टरफलं टोचत होती.

"थांबा," मी म्हणाले, "आधी चेंडू मोजून जाळीत भरा." त्या उठल्या. त्यांची पाठ वळल्यावर मी चुरा खिशात टाकला आणि पिशवीतून दोन अख्ख्या शेंगा काढून मुठीत धरल्या.

तुमचा हात अजून वरच आहे, सर. तो मला दिसतो. उद्या सकाळी पोरी येणार आहेत.